कार्ड जुने की नवे? आधी आपले काम मोजा, मग माल घ्या

सोलापूर शहरात आणि सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील आमच्या तामलवाडीसारख्या गावांतही कापडाच्या नक्षीचे काम आता संगणकावर आले आहे. चादर असो, टेरी टॉवेल असो, नाहीतर छापील दुपट्टा. गिऱ्हाईक आता नमुना हातात मागत नाही, मोबाईलवर मागते. त्यामुळे आपल्या समाजातील अनेक तरुण डिझाइनची खोली टाकण्याच्या विचारात आहेत. एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर एवढ्यावर धंदा सुरू होतो. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु संगणक घेताना ग्राफिक्स कार्ड नावाच्या एका वस्तूवर जेवढा पैसा आणि जेवढी चर्चा खर्च होते, तेवढी बाकी कशावरच होत नाही. भांडवल मर्यादित आहे. त्यातील मोठा हिस्सा चुकीच्या जागी अडकला तर धंदा सुरू होण्यापूर्वीच मोडतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडणे मला आवश्यक वाटते.

माझ्या पुतण्याने काही महिन्यांपूर्वी मला विचारले, "चाचा, ३०६० घ्यावे की ४०६०?" मी कापडाचा व्यापारी, शिक्षण उर्दू माध्यमात झालेले. संगणकाची भाषा माझी नाही. परंतु मालाची तुलना करणे हा आपला रोजचा व्यवहार आहे. दोन टॉवेल समोर आले तर आपण नाव पाहत नाही. जीएसएम पाहतो, पन्हा पाहतो, सुताचा काउंट विचारतो, पाण्यात बुडवून रंग पाहतो. हीच कसोटी या कार्डांना लावली तर कोडे बरेचसे सुटते.

दोन्ही मालांची मोजमापे

ही दोन्ही कार्डे अमेरिकेतील एनव्हिडिया कंपनीची. जीफोर्स आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आले आणि आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये. पहिल्याची अमेरिकेतील जाहीर किंमत ३२९ डॉलर होती, दुसऱ्याची २९९ डॉलर. म्हणजे नवा माल जुन्यापेक्षा स्वस्त. यावरूनच कोणी म्हणेल की प्रश्न मिटला, नवे घ्या. परंतु थान उलगडून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

ग्राफिक्स कार्डाला एक कारखाना समजा. त्यात काम करणारे लहान लहान कारागीर असतात. त्यांना कोअर म्हणतात. ३०६० मध्ये ३,५८४ कारागीर आहेत, तर ४०६० मध्ये ३,०७२. नव्या मालात माणसे कमी. पण नव्यातील कारागिराचा हात जलद चालतो. ३०६० चा जाहीर वेग १.७८ गिगाहर्ट्झ, ४०६० चा २.४६ गिगाहर्ट्झ. संख्या आणि वेग यांचा गुणाकार केला तर पहिल्याचे उत्तर सुमारे ६,३८० येते आणि दुसऱ्याचे सुमारे ७,५५७. म्हणजे नव्याचे काम अठरा टक्क्यांनी जास्त. गंमत अशी की कंपनीनेही ४०६० बाजारात आणताना खेळांमध्ये ते ३०६० पेक्षा सरासरी वीस टक्के पुढे असल्याचेच सांगितले होते. आपला कागदावरचा हिशेब आणि कंपनीचा दावा येथे जवळपास जुळतो.

आता गोदाम पाहू. कार्डाची स्वतःची स्मृती असते. तीच त्याची माल ठेवण्याची जागा. ३०६० ला १२ जीबीचे गोदाम आहे, ४०६० ला फक्त ८ जीबीचे. दोन वर्षांनी आलेल्या मालात गोदाम एक तृतीयांशाने लहान केले गेले.

तिसरी गोष्ट गोदामापासून कारागिरापर्यंतचा रस्ता. ३०६० चा रस्ता १९२ बिटांचा, ४०६० चा १२८ बिटांचा. ४०६० च्या रस्त्यावर गाड्या थोड्या जोरात धावतात, तरीही एकूण वाहतूक ३०६० मध्ये सेकंदाला ३६० जीबी आणि ४०६० मध्ये २७२ जीबी एवढीच होते. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या कार्डात कारागिराच्या हाताशी मोठे कपाट दिले आहे. त्याला कॅश म्हणतात. जुन्यात ते सुमारे ३ एमबीचे होते, नव्यात २४ एमबीचे आहे. दुकानात गल्ल्यामागचे कपाट मोठे असेल तर गोदामात खेपा कमी घालाव्या लागतात, तसेच हे. परंतु एखाद्या गिऱ्हाइकाने पूर्ण गाडीभर माल मागितला तर कपाटाचा काही उपयोग नाही, गोदामच मोठे लागते.

चौथी गोष्ट वीज. ३०६० ची कमाल खपत १७० वॅट, ४०६० ची ११५ वॅट. फरक ५५ वॅटचा. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस पूर्ण भाराने काम चालले तर वर्षाला १३२ युनिटांचा फरक पडतो. युनिटला दहा रुपये धरले तर १,३२० रुपये. प्रत्यक्षात कार्ड सतत पूर्ण भाराने चालत नाही, त्यामुळे बचत याहून कमीच होईल. रक्कम मोठी नाही. मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि कमी वीज म्हणजे कमी उष्णता. पत्र्याच्या छताखाली काम करणाऱ्याला हा फरक कळेल. कार्ड फार तापले की स्वतःचा वेग आपोआप कमी करते, म्हणजे पैसे पूर्ण वेगाचे दिले आणि काम अर्ध्या वेगाचे मिळाले असे होते. त्यात यंत्रमागाच्या शेजारी खोली असेल तर हवेतील सुताचे तंतू पंख्यात बसतात. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून धूळ काढली नाही तर कोणतेही कार्ड टिकणार नाही.

एक बारीक बाब तरुणांनी विशेष लक्षात ठेवावी. ३०६० संगणकाच्या मुख्य बोर्डाशी सोळा वाटांनी जोडले जाते, ४०६० फक्त आठ वाटांनी. बोर्ड नवा असेल तर फरक फारसा जाणवत नाही. परंतु आपल्याकडे बहुतेक जण जुना संगणक घेऊन त्यात कार्ड बसवतात. अशा तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ४०६० ला सेकंदाला सुमारे ८ जीबीचीच वाट मिळते, ३०६० ला सुमारे १६ जीबीची. कार्डाचे स्वतःचे गोदाम भरले की उरलेला माल याच अरुंद वाटेने ये-जा करतो. कुठे २७२ आणि कुठे ८! काम बंद पडत नाही, पण बैलगाडीच्या चालीने चालते.

काम कोणते, यावर सर्व अवलंबून

वरील मोजमापे वाचून कोणते कार्ड चांगले, असा प्रश्न पुन्हा कोणी विचारला तर माझे उत्तर असे की हा प्रश्नच अपुरा आहे. सोलापुरी चादर चांगली की मलमल? थंडीत चादर, उन्हाळ्यात मलमल. ज्याने काम सांगितले नाही त्याला माल सांगता येत नाही.

पहिले काम हिशेबाचे. बिले, जीएसटीचे विवरण, मालाची नोंद, व्हॉट्सॲपवर फोटो पाठविणे. यासाठी वेगळे कार्ड मुळीच लागत नाही. प्रोसेसरमध्ये जी चित्राची सोय आलेली असते तीच पुरे. येथे कार्डावर खर्च केलेला रुपया वाया गेला असे समजावे.

दुसरे काम जकार्डच्या नक्षीचे. हे आपले मूळ काम. फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या कार्डांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक आहे तर ताण्याचा धागा उचलला जाईल, नाही तर खाली राहील. हो किंवा नाही, एवढेच. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली. म्हणजे संगणकाने विणकराकडून उसने घेतले, हे आपल्या कारागिरांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. आज पुठ्ठ्याच्या जागी संगणकाची फाइल आली, तरी तत्त्व तेच आहे. आता हिशेब करा. २,६८८ हुकांचा इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतला आणि नक्षीची लांबी ४,००० बाण्यांची धरली, तर ठिपके होतात १ कोटी ७ लाख ५२ हजार. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट दिला तरी फाइल सुमारे १० एमबीची. ८ जीबीच्या गोदामात अशा शेकडो फाइली एकाच वेळी मावतील. म्हणजे या कामात ३०६० आणि ४०६० यांच्यात काहीही फरक पडणार नाही, आणि दोन्ही नसतील तरीही पडणार नाही. जकार्डच्या डिझायनरला महागडे कार्ड विकणारा दुकानदार त्याला उन्हाळ्यात ब्लँकेट विकत आहे.

तिसरे काम छापील कापडाच्या डिझाइनचे, म्हणजे फोटोशॉपसारख्या कार्यक्रमांत रंग भरणे, फुले जुळविणे, रिपीट बसविणे. येथे कार्डाचा थोडा उपयोग होतो, परंतु मुख्य भार प्रोसेसर आणि संगणकाच्या साध्या स्मृतीवर, म्हणजे रॅमवर असतो. अशा माणसाने कार्डाआधी रॅम ३२ जीबी करावी, एसएसडी घ्यावी आणि उरलेला पैसा चांगल्या मॉनिटरवर घालावा. पडद्यावर लाल दिसलेला रंग कापडावर विटकरी उतरला तर गिऱ्हाईक माल परत करते. त्या नुकसानीला कार्ड जबाबदार नसते, स्वस्त मॉनिटर जबाबदार असतो.

चौथे काम त्रिमितीचे. कापड शिवण्यापूर्वीच ते पडद्यावरील पुतळ्याच्या अंगावर घालून दाखविणे, किंवा चादर पलंगावर अंथरलेली दाखविणे. येथे कार्ड खरोखर कामाला येते. क्लो थ्रीडी किंवा ब्लेंडर यांसारखे कार्यक्रम कार्डाच्या कारागिरांकडून काम करून घेतात. सर्व देखावा ८ जीबीत मावत असेल तर ४०६० लवकर चित्र काढून देईल. देखावा मोठा असेल, कापडाचे पोत बारीक असतील आणि गोदाम अपुरे पडले, तर १२ जीबीचे जुने ३०६० पुढे जाईल. एएमडी कंपनीचीही कार्डे आहेत आणि खेळांना ती चांगली चालतात. परंतु या कामाचे अनेक कार्यक्रम एनव्हिडियाच्या कुडा या पद्धतीवर बांधलेले असल्याने, घेण्यापूर्वी आपला कार्यक्रम कोणते कार्ड मागतो ते पाहून घ्यावे.

पाचवे काम सर्वांत नवे, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून नक्षी काढून घेण्याचे. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून घरच्या संगणकावर शब्द लिहून चित्र काढता येऊ लागले. या कामात गोदाम हाच राजा आहे. कारण चित्र काढणारे मॉडेल आधी संपूर्णपणे कार्डाच्या स्मृतीत चढवावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या फ्लक्स मॉडेलमध्ये १२ अब्ज आकडे आहेत. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर २४ जीबी जागा झाली. ती या दोघांपैकी कोणातही नाही, म्हणून मॉडेल दाबून लहान करावे लागते. जेवढे जास्त दाबाल तेवढा चित्राचा बारकावा कमी होण्याचा धोका. १२ जीबीत कमी दाबावे लागते, ८ जीबीत जास्त. ज्याला आपल्या घरच्या जुन्या नक्ष्या शिकवून मॉडेल तयार करायचे आहे, त्याच्यासाठी तर १२ जीबीचे जुने कार्ड ८ जीबीच्या नव्यापेक्षा निःसंशय उपयोगी.

सहावे काम मुलांचे खेळ. त्यात ४०६० वीस टक्के पुढे. पण धंद्याच्या भांडवलातून खेळाचे कार्ड घेऊ नये, एवढेच मी म्हणेन.

नावाचा भुलावा

कापडाच्या बाजारात एक जुना रोग आहे. लेबल तेच ठेवायचे आणि आतील सूत बदलायचे. पहिल्या वर्षी टॉवेल ४५० जीएसएमचा, नाव गाजले की ४०० चा, मग ३५० चा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली ती अशाच भेसळीविरुद्ध. हाच रोग कार्डांच्या बाजारातही आहे, आणि तो मोठमोठ्या कंपन्यांच्या व्यवहारात दिसला आहे.

२०१४ मध्ये जीटीएक्स ९७० हे कार्ड ४ जीबी स्मृतीचे म्हणून आले. जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले की त्यातील साडेतीन जीबीच पूर्ण वेगाची आहे, उरलेली अर्धी जीबी फार मंद. अमेरिकेत ग्राहक न्यायालयात गेले आणि २०१६ मध्ये तडजोड होऊन प्रत्येक खरेदीदाराला ३० डॉलर देण्याचे ठरले. २०१८ मध्ये जीटी १०३० या लहान कार्डाची दुसरी आवृत्ती आली. नाव तेच, पण स्मृती डीडीआर ४ जातीची. रस्त्यावरील वाहतूक ४८ जीबीवरून १७ जीबीच्याही खाली गेली. २०२२ च्या अखेरीस खुद्द ३०६० चीच ८ जीबीची आवृत्ती निघाली. तिचा रस्ता १२८ बिटांचा, वाहतूक ३६० ऐवजी २४० जीबी. खोक्यावर नाव आरटीएक्स ३०६० च. म्हणून या लेखात मी ३०६० ची जी बाजू घेतली आहे, ती फक्त १२ जीबीच्या कार्डाची आहे. दुकानात फक्त "३०६० द्या" असे म्हणणारा फसेल. "१२ जीबी, १९२ बिट" असे म्हणावे, तसे बिलावर लिहून घ्यावे.

दुसरा भुलावा आकड्यांचा. ४०६० मध्ये अशी सोय आहे की खेळातील दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड स्वतःच्या अंदाजाने एक चित्र घालते. ते धरून कंपनीने सत्तर टक्के वाढीचा आकडा दिला. ते सोडले तर वीस टक्के. जानेवारी २०२५ मध्ये पुढच्या पिढीचे ५०७० जाहीर करताना कंपनीच्या प्रमुखांनी ते ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी देईल असे सांगितले. तेथेही हिशेबात अशीच भरीची चित्रे होती. खेळणाऱ्याला डोळ्याला बरे वाटत असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिझायनरला त्याचा उपयोग शून्य. न विणलेले वार मोजून थान लांब दाखविण्यासारखे ते आहे.

मे २०२५ मध्ये ५०६० ही आले, किंमत पुन्हा २९९ डॉलर. त्याचे कारागीर ३,८४० आहेत, वाहतूक ४४८ जीबीपर्यंत गेली आहे, खपत १४५ वॅट. वेगाच्या बाबतीत ते दोघांच्याही पुढे आहे. पण गोदाम? पुन्हा ८ जीबीच. म्हणजे २०२१ च्या १२ जीबीचा प्रश्न आजही जिवंत आहे. मोठे गोदाम हवे असेल तर ५०६० टीआयच्या १६ जीबीच्या आवृत्तीकडे जावे लागते आणि तिची किंमत जास्त आहे. येथेही सावध असावे, कारण ५०६० टीआय ८ जीबीतही मिळते.

जुना माल घेताना

३०६० आता बहुतेक ठिकाणी जुन्या मालातच मिळते. येथे विशेष काळजी हवी. २०२१ मध्ये इथेरियम नावाचे आभासी चलन काढण्यासाठी लोकांनी कार्डांचे ढीग लावून ती रात्रंदिवस चालविली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांचे ते काम एका दिवसात संपले. मग तीच कार्डे पुसूनपासून बाजारात आली. प्रत्येक जुने कार्ड खराबच असते असे नाही, पण त्याचा इतिहास विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पैसे देण्यापूर्वी ते कार्ड यंत्रात बसवून अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहावे. तापमान किती जाते, पंखा आवाज करतो का, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का, हे पाहावे. जीपीयू-झेड नावाचा एक लहान कार्यक्रम फुकट मिळतो. तो स्मृती किती, रस्ता किती बिटांचा हे दाखवितो. जुन्या कार्डात नाव बदलून नवे म्हणून विकणारे लोक आहेत, आणि असे पुष्कळ बनावट माल हा कार्यक्रम ओळखून तसे स्पष्ट लिहून दाखवितो. पाच मिनिटांचे काम आहे. मूळ बिल आणि अनुक्रमांक जुळत असेल तरच हमीचा प्रश्न विचारता येतो.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्यातीलच काही तरुण आता संगणकाची दुकाने चालवितात. त्यांना माझे विशेष सांगणे आहे. मापात कमी देणाऱ्यांबद्दल दिव्य कुरआनात एक संपूर्ण सूरह, सूरह मुतफ्फिफीन, इशारा देते. हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमला माप-तोलाबद्दलच बजावण्यात आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही असे विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. आजच्या बाजारात जीबी आणि बिट हीच मापे आहेत. १९२ सांगून १२८ देणे हे मापात मारणेच आहे. दिवसरात्र घासलेले कार्ड "घरगुती वापराचे" म्हणून विकणे ही ओली रास कोरड्या दाण्यांखाली झाकणे आहे. आणि जकार्डच्या डिझायनरला, त्याला गरज नाही हे माहीत असताना, महाग कार्ड गळ्यात घालणे? कायद्याने तो गुन्हा नसेल. पण सल्ला ही अमानत असते. जो दुकानदार म्हणेल की, "भाईजान, आपल्या कामाला याची गरज नाही," त्याचे आजचे कमिशन जाईल, पण ते गिऱ्हाईक दहा गिऱ्हाइके घेऊन परत येईल. बरकत अशीच येते.

पैसा कसा उभा करावा

दुकानात "बिनव्याजी हप्ते" अशी पाटी असते. ती नीट वाचावी. बहुधा बँक व्याज लावतेच आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत देऊन ते झाकतो. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट आपण गमावतो, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील कर पडतो. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी केवळ रुपयांचा नाही, हे वेगळे सांगायला नको. चार महिने थांबून रोखीने घेतलेले साधे यंत्र हप्त्यावरच्या मोठ्या यंत्रापेक्षा बरे.

बिल मात्र पक्के घ्यावे. ग्राफिक्स कार्डावर जीएसटी १८ टक्के आहे. आपली नोंदणी नियमित पद्धतीची असेल आणि बिलावर आपला क्रमांक असेल, तर या कराचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला ते मिळत नाही, त्याने करासहची किंमत हीच खरी किंमत धरावी. कापडावरील कर कमी असल्याने ज्यांचे क्रेडिट साचते, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की त्या परताव्याच्या हिशेबात यंत्रसामग्रीवरील कर धरला जात नाही. तो विक्रीवरील करातूनच हळूहळू वजा करावा लागतो.

आणखी एक मार्ग आहे. ज्याला महिन्यातून चार-सहा वेळाच त्रिमितीचे किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम पडते, त्याने कार्ड विकतच का घ्यावे? इंटरनेटवरून मोठे कार्ड तासाच्या भाड्याने मिळते. किंवा एका गावातील चार-पाच डिझायनरांनी मिळून एक चांगले यंत्र भागीदारीत घ्यावे, वेळ वाटून घ्यावी, खर्चाची वही ठेवावी. विहीर सामाईक असू शकते, तर संगणक का नाही? यात भांडवलही वाचते आणि एकाचे शिकलेले दुसऱ्याला कळते.

माझे मत

आता स्पष्ट सांगतो. हिशेब आणि जकार्ड एवढेच काम असेल तर दोन्हीपैकी काहीही घेऊ नये. छापील डिझाइनचे काम असेल तर आधी एसएसडी, मग रॅम, मग मॉनिटर, मग यूपीएस आणि चांगले अर्थिंग, आणि पैसा उरला तर कार्ड. त्रिमितीचे मध्यम काम असेल, बोर्ड नवा असेल आणि खोली तापत असेल तर ४०६०. कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम असेल, देखावे मोठे असतील किंवा संगणक जुना असेल, तर पारखून घेतलेले १२ जीबीचे ३०६०. पुतण्यालाही मी हेच सांगितले. त्याचे काम जकार्डचे आहे, म्हणून त्याने कार्ड न घेता मॉनिटर घेतला.

नवे ते सोने आणि जुने ते लोखंड, असे बाजार आपल्याला शिकवितो, कारण बाजाराला दर दोन वर्षांनी विकायचे असते. आपल्याला मात्र दर महिन्याला मागवाल्याची मजुरी द्यायची असते. ज्या तरुणाकडे साठ-सत्तर हजारांचे भांडवल आहे, त्याने त्यातील निम्मे एका गरज नसलेल्या कार्डात घातले तर सुताला पैसा उरणार नाही, आणि सुतावाचून नक्षी कागदावरच राहील. तेव्हा बांधवांनो, दुकानात जाण्यापूर्वी आपले काम एका कागदावर लिहा, त्याचे माप करा, आणि ते माप घेऊन जा. दुकानदाराच्या तोंडच्या नावाला भुलू नका. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.